रद्दीच्या काट्यावर वेताळ

संपादक साहेब, नमस्कार. वडिलांनी जपलेली इंद्रजाल कॉमिक्स विकायला काढली, साठेक अंक असतील, तर दुकानदाराने थेट काट्यावर टाकली आणि किलोचा भाव सांगितला, फार वाईट वाटलं हो! इंद्रजाल १९६४ ला सुरू झालं, १९९० ला बंद पडलं, म्हणून त्यातल्या वेताळाचे, म्हणजे फँटम या मुखवटेवाल्या नायकाचे, जुने मराठी अंक शोधणारे लोक आजही आहेत. विकणाऱ्यांनी आधी नंबरप्रमाणे यादी करा, कव्हर फाटलंय का, पिना गंजून मधली पानं सुटलीत का ते बघा, आणि ऑनलाइन कोणी किती मागतोय ते धरू नका, खरंच कितीला विकलं गेलं ते विचारा. चांगले चारच अंक उचलणाऱ्याला तर देऊच नका. आमचे मी परत घरी आणलेत, यादी चालू आहे.

– एक वाचक, डोंबिवली