पुंगळ्या तपासायला शिकवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

रीलोडिंगचं, म्हणजे वापरलेली काडतुसं घरी पुन्हा भरण्याचं सामान विकणारे लोक प्रेस, डाय आणि पावडरबद्दल भरभरून बोलतात. काडतुसाची वापरलेली पितळी पुंगळी पुन्हा भरण्याजोगी उरली आहे का, हे मात्र कुणी शेजारी बसवून शिकवत नाही. इथे टेक्सासमध्ये, तुमच्या गॅरेजमधल्या टेबलाशी तुम्ही ते मला शिकवलंत. म्हणून हे जाहीर पत्र.

पेपरक्लिप सरळ करून टोक जरासं वाकवायचं, पुंगळीत सोडायचं आणि आतल्या भिंतीला टेकवून बुडापासून वर ओढायचं. .३०८ या रायफलच्या काडतुसाची ती पुंगळी बाहेरून धड दिसत होती. बुडाच्या थोडं वर एक चकचकीत रेघ गोल फिरलेली, एवढंच. आत मात्र टोक खाचेत अडकलं. मग तुम्ही करवतीने ती उभी चिरलीत आणि पातळ झालेलं पितळ उजेडात धरलंत. साइझिंग करताना, म्हणजे डायमध्ये दाबून पुंगळी मूळ मापाला आणताना, तिचा खांदा (मानेकडे निमुळता होणारा भाग) गरजेपेक्षा मागे ढकलला की बार उडताना पुंगळी नेमकी तिथेच ताणते. एक दिवस बूड तुटतं, आणि तापलेला गॅस नेम धरणाऱ्याच्या तोंडावर येऊ शकतो. ती चिरलेली पुंगळी पाहिल्यावर घाई करायची इच्छाच उरत नाही.

मानेवरची बारीक चीर, विरोध न करता आत सरकणारा प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टोपी), .३०८ मध्ये २.०१५ इंचांपुढे वाढलेली लांबी, हे सगळं तुम्ही कारणासकट सांगितलंत. लांबी वाढली की पुंगळीचं तोंड चेंबरमध्ये (नळीतल्या काडतूस बसण्याच्या जागेत) आवळतं, गोळी सहज सुटत नाही आणि दाब चढतो.

आणि तो तबेल्यांचा किस्सा! एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश फौजेची भारतातली काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांत ठेवली की आपोआप तडकत. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि पितळात दडलेला ताण यांचं ते काम, हे १९२१ मध्ये उलगडलं. धातुशास्त्रात आयुष्य घालवलेल्या माणसाकडून हे ऐकल्यावर अमोनियावालं पॉलिश मी पुंगळ्यांजवळही येऊ देत नाही.

शंका आली की पुंगळी पकडीने चेपूनच टाकायची, म्हणजे ती चुकून ढिगात परतत नाही. हा तुमचा नियम माझ्या टेबलावर पाळला जातो.

मुलगी आता माझ्याबरोबर रेंजवर येते. तिलाही हे तुमच्याकडूनच शिकायचं आहे. दिवाळीनंतर कधी येऊ, ते कळवा. काकूंना नमस्कार.

आपला कृतज्ञ,
गॅरेजमधला विद्यार्थी