लोकलेखा समितीची दारे उघडा

प्रति,
मा. अध्यक्ष, लोकलेखा समिती,
महाराष्ट्र विधानमंडळ, मुंबई

महोदय,

सविनय नमस्कार.

पाटबंधारे खात्याच्या एका विभागीय कार्यालयात, लेखा शाखेत, मी एकतीस वर्षे नोकरी केली. दरवर्षी ‘एजी’ची, म्हणजे महालेखापाल कार्यालयाची, तपासणी पार्टी यायची. आठ-दहा दिवस बसून मोजमाप पुस्तिका आणि देयके पडताळायची आणि जाताना अर्धसमास पत्रे देऊन जायची. अर्ध्या पानावर त्यांचा आक्षेप, उरलेले अर्धे पान आमच्या उत्तरासाठी कोरे. ते कोरे अर्धे पान भरणे हे माझे काम.

एका कालव्याच्या अस्तरीकरणाचे पैसे काम पुरे होण्याआधीच देऊन झाले होते. आक्षेप अगदी बरोबर होता. मी उत्तर लिहिले, ‘अभिलेख तपासून कळविण्यात येईल.’ पुढच्या वर्षी लिहिले, ‘वरिष्ठ कार्यालयाकडून अहवाल मागविला आहे.’ त्याच्या पुढच्या वर्षी, ‘यापुढे दक्षता घेण्यात येईल.’ तोवर मोजमाप नोंदवणारे अभियंता निवृत्त झाले होते आणि तीन कार्यकारी अभियंते येऊन गेले होते. या तिन्ही वाक्यांत खोटे असे काही नव्हते. पण त्या कालव्याच्या शेपटाला ज्याची जमीन होती, ज्याच्या बांधापर्यंत पाणी कधी आलेच नाही, तो माणूस माझे उत्तर वाचणार नाही हे मला पक्के ठाऊक होते. म्हणूनच मला तसे लिहिता आले. याची बोचणी निवृत्तीनंतरही गेलेली नाही, आणि हे पत्र त्याच बोचणीतून लिहितो आहे.

महालेखापरीक्षकांच्या अहवालातले आक्षेप तपासणारी आपली आमदारांची समिती हे असे ठिकाण आहे, जिथे खात्याच्या सचिवाला निवडून आलेल्या माणसांसमोर बसून साक्ष द्यावी लागते. तिथे ‘दक्षता घेण्यात येईल’ म्हणून सुटका होत नाही. ‘कोणी, केव्हा, किती’ असे उलट विचारता येते. अशी ताकद विधिमंडळाच्या फार थोड्या आयुधांत आहे. तारांकित प्रश्नाला मंत्री दोन ओळींत उत्तर देतात आणि लक्षवेधी गोंधळात वाहून जाते. आपल्याकडे मात्र कागद असतात, वेळ असतो आणि सर्व पक्षांचे सदस्य एका टेबलाभोवती बसलेले असतात. माझी विनंती एकच आहे. या साक्षी जनतेला पाहू द्या.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३० मे १९४९ रोजी संविधान सभेत नियंत्रक व महालेखापरीक्षकाचे वर्णन संविधानातला बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी असे केले होते. सभागृहाने मंजूर केलेल्या मर्यादेबाहेर खर्च जात नाही ना, हे पाहणारा हा माणूस. अनुच्छेद १५१ प्रमाणे त्याचा अहवाल राज्यपालांकडे जातो आणि तिथून सभागृहासमोर येतो. आपल्या राज्यात तो येतो बहुतेकदा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी, आमदार परतीच्या गाडीची वेळ बघत असताना. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात एक बातमी, आठवड्याने तीही विसरली जाते. मग अहवालातले आक्षेपांचे परिच्छेद आपल्या समितीकडे येतात आणि पुढचे सारे बंद दाराआड चालते.

पैसा मात्र याच्या कितीतरी पट वेगाने मंजूर होतो. २०२४ मध्ये २८ जूनला राज्याचा अतिरिक्त अर्थसंकल्प मांडला गेला आणि दोन आठवडेही लोटले नसताना ९४,८८९ कोटी रुपयांच्या पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पाबाहेरच्या जादा खर्चाच्या मागण्या, आल्या. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात ५७,५०९ कोटींच्या. मूळ तरतूदच जिथे पुरती खर्ची पडलेली नाही, अशा लेखाशीर्षांनाही (खर्चाच्या बाबींनाही) पुरवणीतून रक्कम मिळते, हे महालेखापरीक्षक वारंवार लिहीत आले आहेत. ज्याने ३१ मार्चच्या रात्री कोषागाराबाहेर देयकांचा गठ्ठा घेऊन रांग लावली आहे, त्याला हे कोणी समजावून सांगावे लागत नाही.

विदर्भातल्या गोसीखुर्द धरणाचेच पाहा. १९८३ मध्ये मान्यता मिळाली तेव्हा खर्च होता सुमारे ३७२ कोटी. २२ एप्रिल १९८८ ला पंतप्रधान राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झाले. पुढे राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा आला आणि खर्चाचा आकडा अठरा हजार कोटींच्या वर गेला. वैनगंगेच्या पाण्याने भंडारा, नागपूर, चंद्रपूर या तीन जिल्ह्यांतली अडीच लाख हेक्टर जमीन भिजायची होती. ज्यांची गावे धरणात गेली, त्यांची नातवंडे आता शेती करायच्या वयाची झाली. एवढ्या काळात किती आक्षेप निघाले असतील, खात्याची किती अनुपालने, म्हणजे आक्षेपांची उत्तरे, गेली असतील! भंडारा जिल्ह्यातल्या पवनीच्या शेतकऱ्याने त्यातली एक तरी साक्ष डोळ्यांनी पाहिली आहे का?

बंद दाराचे समर्थनही मी ऐकून आहे. दार बंद असले की सदस्य पक्ष विसरून बोलतात, अधिकारी मोकळेपणाने सांगतात. यात तथ्य आहे. कॅमेरा दिसला की भाषणे सुरू होतात, हे सभागृहात आपण रोज पाहतो. पण उलट उदाहरण मुंबईचेच आहे. १६ डिसेंबर १९५७ ला फिरोज गांधींनी लोकसभेत आयुर्विमा महामंडळाच्या मुंदडा व्यवहाराचा हिशेब मागितला. सव्वा कोटीच्या आसपासची रक्कम आणि हरिदास मुंदडा या एकाच उद्योगपतीच्या सहा कंपन्यांचे महामंडळाने घेतलेले शेअर. स्वतः सत्ताधारी पक्षाचे खासदार असून त्यांनी आपल्याच सरकारला धारेवर धरले. चौकशीसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागलांचा आयोग नेमला गेला. छागलांनी सुनावणी मुंबईत, लोकांसमोर घेतली. ऐकायला गर्दी लोटली. अर्थमंत्री आणि अर्थसचिवांनाही त्या गर्दीसमोर उत्तरे द्यावी लागली. १९५८ च्या जानेवारीत नेमलेल्या आयोगाचा अहवाल फेब्रुवारीत तयार होता आणि त्याच महिन्यात अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींनी राजीनामा दिला. उघड्यावर साक्ष घेतल्याने काम रेंगाळले नाही, उलट लवकर उरकले. ब्रिटनच्या संसदेची लोकलेखा समिती, जिच्या धर्तीवर आपली समिती उभी आहे, तीही आज सचिवांच्या साक्षी जनतेसमोरच घेते. संरक्षणासारखा एखादा नाजूक विषय असला तर तेवढ्यापुरते दार लावून घेता येते.

हे नियमात बसत नाही, असे आपले सचिवालय सांगेल. नियम सभागृहाचेच आहेत. नियम समितीकडे शिफारस करणे आपल्या हाती आहे. संसदेच्या लोकलेखा समितीचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे द्यावे, असे तरी कोणत्या कायद्यात लिहिले होते? १९६७ मध्ये विरोधी बाकावरच्या मिनू मसानींना ते दिले गेले आणि पायंडा पडला, तो आजवर टिकला आहे. आपले नाव अशा पायंड्याशी जोडले जावे, असे मला मनापासून वाटते.

नामदार गोखल्यांनी २६ मार्च १९०२ ला साम्राज्याच्या कौन्सिलात अंदाजपत्रकावर भाषण केले, तेव्हा त्यांना मतदानाचाही हक्क नव्हता. लोक हलाखीत असताना सरकारी शिल्लक वाढते कशी, एवढाच त्यांचा सवाल, आकड्यांनिशी. ते भाषण देशाने वाचले आणि पुढच्याच वर्षी मिठावरचा कर कमी झाला. आपल्याला तर विचारण्याचाही हक्क आहे आणि कागद मागवण्याचाही.

सगळे एकदम करा, असे मी म्हणत नाही. येत्या नागपूर अधिवेशनात सिंचनाचा एक परिच्छेद घ्या आणि सचिवांची साक्ष सभागृहाच्या कामकाजासारखी थेट दाखवा. त्या परिच्छेदावर खात्याने आजवर दिलेली सगळी उत्तरे, तारखांसह, मराठीत आधी प्रसिद्ध करा, म्हणजे पाहणाऱ्याला संदर्भ कळेल. परवानगी मिळाली तर मीही येऊन मागच्या रांगेत बसेन. ती उत्तरे कशी लिहिली जातात, हे समितीला विचारायचे असेल तर तेही सांगेन.

आपला विश्वासू,
पाटबंधारे खात्यातील एक निवृत्त लेखा कर्मचारी