घरात ढेकूण निघाले, त्याबद्दल

न्यूयॉर्क

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

परवा फोनवर आई म्हणाली, "मालकाला सांगू नकोस, घर खाली करायला लावेल." म्हणून सविस्तर लिहितेय.

मालकाला कळवून झालंय, फोटोंसकट, ईमेलने. तोंडी सांगितलेलं इथे कुणी धरत नाही. ढेकूण, झुरळं, उंदीर यांचा बंदोबस्त मालकाने स्वखर्चाने करायचा, असा या शहराचा नियम आहे. झुरळं-उंदरांसाठी तर २०१८चा स्वतंत्र कायदा आहे: तीन किंवा जास्त घरांच्या इमारतीत दरवर्षी तपासणी करायची आणि नुसतं औषध न मारता भेगा बुजवायच्या, गळके नळ दुरुस्त करायचे. मला हे पटतं. भिंतीतलं भोक राहिलं तर फवारणीचा काय उपयोग?

आणि आई, घर सोडायला लावण्याचं म्हणशील, तर आमच्यासारख्या मोठ्या इमारतीत तक्रारीचा सूड म्हणून तसं करता येत नाही. तक्रारीनंतर वर्षभरात मालकाने तसा प्रयत्न केलाच, तर कारण वेगळं होतं हे त्यालाच कोर्टात दाखवावं लागेल.

ढेकूण कुणी आणले, यावर शेजारी तावातावाने बोलताहेत. सामानातून येतात, जुन्या सोफ्यातून येतात, वायरींच्या फटीतून या घरातून त्या घरात जातात. काय शोधणार, डोंबल! करार करताना गेल्या वर्षभरात ढेकूण होते का, हे मालकाने लेखी द्यावं लागतं. मला दिलेल्या कागदावर वरच्या मजल्याची नोंद होती. तेव्हा मी फारसं मनावर घेतलं नाही, इतकंच.

माझ्या वाट्यालाही काम आहेच. पलंग भिंतीपासून लांब, कपडे ड्रायरमध्ये कडक उष्णतेवर अर्धा तास, मग पिशव्यांत बंद. फवारणीवाल्याला घरात येऊ द्यायचं, तेही पुन्हा पुन्हा, कारण अंडी पहिल्या फेरीत मरतीलच असं नाही. बाबा, तुम्ही सांगितलेला धुराचा डबा मात्र नको. त्याने ढेकूण मरत नाहीत, पांगून शेजारी जातात.

भाडं थांबवण्याचंही मनात आणू नका. मग थकबाकीदार मीच ठरेन. मालक हलला नाही तर ३११ या शहराच्या तक्रार-क्रमांकावर फोन करीन, शहराचा निरीक्षक येऊन पाहतो.

ताईची मैत्रीण इथे शिकायला येणार आहे ना? तिला सांगा, घर घेताना तो ढेकणांचा कागद नीट वाच आणि फुटपाथवरची फुकटची गादी उचलू नकोस.

तुमची,
मनू