पैलवान मुलींची चिडचीड कोण लिहून ठेवतं?

महोदय,

कुस्तीचा हंगाम आला की क्रीडा पानावर ‘अमुक मल्ल दडपणाखाली ढेपाळली’ असं हमखास वाचायला मिळतं. त्याआधीचा आठवडा तिने कसा काढला, हे मात्र कधी छापून येत नाही. मी निवृत्त क्रीडाशिक्षिका. अजूनही संध्याकाळी मुलींच्या तालमीत गादीच्या कडेला बसते, म्हणून लिहिते.

सतरा वर्षांखालील मुलींमध्ये 46 आणि 49 किलो हे लागोपाठचे गट. 49 भरणारी पोर ‘खाली जोड सोपी मिळते’ म्हणून 46 मध्ये उतरवतात. मग भाकरी बंद, दूध बंद, शेवटी पाणीही बंद. प्लॅस्टिकचा सूट घालून पळायचं, तोंडातली लाळसुद्धा थुंकून टाकायची. एरवी सगळ्या तालमीला हसवणारी मुलगी या दिवसांत आईच्या अंगावर धावून जाते, रात्रभर तळमळते, डाव सांगितला तर नुसती बघत राहते. घरचे म्हणतात नखरे वाढले, वस्ताद म्हणतात जिगर नाही. अहो, उपाशी-तहानलेल्या जिवाने जिगर आणायची कुठून?

2024 साली पॅरिसमध्ये 100 ग्रॅम जास्त भरले म्हणून विनेश फोगाट अंतिम लढतीच्या सकाळी बाद झाली. रात्रभर घाम काढला, केसही कापले. दुसऱ्याच दिवशी तिने निवृत्ती जाहीर केली. आपण नियमावर वाद घालत बसलो.

अमेरिकेत 1997 साली जेमतेम महिन्याभरात तीन महाविद्यालयीन मल्ल वजन उतरवताना दगावले. त्यानंतर तिथे हंगामाच्या सुरुवातीलाच लघवी तपासून, अंगात पुरेसं पाणी असताना प्रत्येकाचं किमान वजन ठरवू लागले. त्याखालच्या गटात उतरताच येत नाही.

तिथलेच मानसशास्त्रज्ञ विल्यम मॉर्गन यांनी 1970 च्या दशकात पैलवानांसह अनेक खेळाडूंकडून ताण, उदासी, राग, थकवा, गोंधळ आणि उत्साह यांची प्रश्नावली भरून घेतली. अव्वल खेळाडूंचा उत्साह सर्वसामान्यांपेक्षा वर, बाकीचं सगळं खाली. पुढे जलतरणपटूंमध्ये त्यांना दिसलं, की सराव वाढवला की मनःस्थिती बिघडते आणि कमी केला की ताळ्यावर येते. म्हणजे पोरगी चिडचिडी झाली, तर आधी सरावाचा आणि खुराकाचा हिशेब तपासायला हवा, मग तिचा स्वभाव.

आमच्याकडे मी एक वही ठेवली आहे. झोप, भूक, मूड, एवढेच रकाने. सुरुवातीला सगळ्याजणी ‘बरं आहे’ लिहायच्या (वस्तादांनी वाचलं तर?). वही माझ्याकडेच राहते म्हटल्यावर खरं लिहू लागल्या.

समुपदेशक नेमायचे तेव्हा नेमा, पण शालेय स्पर्धांसाठी किमान वजन हंगामाआधी ठरवायला काय हरकत आहे? लघवी तपासायची पट्टी काही फार महाग नसते. आणि आपल्या बातमीदारांना विनंती: हरलेल्या मुलीला ‘काय चुकलं’ विचारण्याआधी काल काय खाल्लं होतं, ते विचारा.

– एक निवृत्त क्रीडाशिक्षिका, कागल (जि. कोल्हापूर)