जुना वस्तरा ग्राइंडरवर नेऊ नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सलूनमध्ये अर्धं पातं बसवायचे वस्तरे आले, तसे आपल्या मराठवाड्यातले जुने अखंड पात्याचे वस्तरे पेट्यांत जाऊन पडले. ‘जोलिंगन’ (जर्मनी), ‘शेफील्ड’ (इंग्लंड) असे शिक्के असलेलं हे उत्तम पोलाद आहे. पण गंज दिसला की लोक ते थेट ग्राइंडरवाल्याकडे किंवा बफवाल्याकडे नेतात, आणि वस्तरा तिथंच संपतो. पोलादाला दिलेलं पाणी, म्हणजे त्याचा कडकपणा, साधारण 200 अंश सेल्सिअसच्या पुढे उतरू लागतं. कागदासारखी पातळ धार कोरड्या चाकावर क्षणात तापते. निळा डाग पडला म्हणजे पारा 300 च्या आसपास गेला. मग कितीही परजा, धार टिकत नाही. शिवाय चाकावर पात्याची पाठ, म्हणजे धारेसमोरची जाड कड, झिजते. सहाणेवर वस्तरा पाठ आणि धार दोन्ही टेकवून फिरवतात, म्हणजे पाठीची जाडीच धारेचा कोन ठरवते, बहुधा 16-17 अंश. पाठ गेली की कोन गेला.

गंज काढायचं हे काम हातानं, ओल्या वॉटर पेपरनं (पाणी लावून वापरायच्या पॉलिश पेपरनं) करावं. अडचण एवढीच, की पोकळ घासणीचं, म्हणजे दोन्ही बाजूंनी खोलगट घासलेलं, पातं टेबलावर सपाट बसत नाही. मधे आधार नसल्यानं दाबलं की लवतं आणि चिरतं. त्यासाठी पात्याच्या मापाची गादी करावी.

एक फूट लांब, तीन इंच रुंद, इंचभर जाड सागवानी फळी घ्या. आधी जुनी धार काचेच्या ग्लासाच्या कडेवर हलकेच ओढून बोथट करा. नंतर ती नव्यानं लावायचीच आहे, आणि बोटं वाचतात. पात्याला सेलोटेप लावून वर खोबरेल तेलाचा हात फिरवा. एम-सील मळून फळीवर थापा आणि त्यात पातं आडवं दाबा. धारेच्या पुढे दोन सूत एम-सील राहिलंच पाहिजे, नाहीतर कागद धारेत अडकून धारेचा तुकडा उडतो. रात्रभर वाळू द्या. पातं उलटल्यावर मुठीची बाजू बदलते, म्हणून त्याच फळीवर दुसऱ्या बाजूची दुसरी गादी लागते. एकीवर भागवायला गेलात तर पातं डुगडुगतं. मुठीकडचा दांडा चामड्याचा तुकडा घालून लाकडी पट्टी, 6 मिमी बोल्ट आणि विंग नटनं आवळा. लोहचुंबक वापरू नका. तो लोखंडाचा कीस धरून ठेवतो, आणि जाड कागदाचा कीस बारीक कागदाखाली आला की खोल ओरखडे पडतात. फिटर ट्रेड शिकणाऱ्या आयटीआयच्या मुलांकडून सलूनवाल्यांनी हा ठोकळा जरूर करून घ्यावा.

वॉटर पेपर गाड्यांचा रंग विकणाऱ्या दुकानात मिळतो. तो सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळलेल्या गोल दांडीवर धरावा. दांडी पात्याच्या पोकळीपेक्षा फार बारीक असली तर नाली पडते, जाड असली तर पाठ आणि धारच घासली जाते. कागदाचा नंबर जेवढा मोठा, तेवढा तो बारीक. खड्डे असतील तरच 220, एरवी 400 पासून 600, 800, 1000, 1500, 2000. एक नंबर लांबीला फिरवला तर पुढचा पाठीकडून धारेकडे, धारेपाशी हात उचलत. रेषा अशा आडव्या-उभ्या पडल्या की मागचे ओरखडे पूर्ण निघाले की नाही ते उजेडात लगेच दिसतं. घाई होते ती 400 लाच. तिथं राहिलेली रेघ 2000 ला उठून दिसते. दर नंबरानंतर पातं, गादी आणि हात धुवावेत.

धारेपर्यंत पोचलेला काळा खड्डा किंवा केसाएवढी चीर भिंगातून दिसली, तर तो वस्तरा दाढीसाठी नाही, नुसता चकचकीत करून ठेवा. मूठ काढताना पितळी खिळ्याचं डोकं कानशीनं घासावं, ठोकून काढलं तर मूठ फुटते. सेल्युलॉइडच्या (एक जुनं प्लॅस्टिक) जुन्या मुठीला कापरासारखा वास येतो. ती आगीपासून लांब ठेवावी. ती कुजू लागली की तिच्या वाफेनंच पातं गंजतं, म्हणून अशी मूठ पात्यापासून वेगळीच ठेवावी.

– एक कारागीर, जालना