स्टेंट टाकण्याआधी आमच्या माणसांना विचार करायला वेळ द्या

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,

सप्रेम नमस्कार.

फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र सरकारने स्टेंटच्या, म्हणजे हृदयाची अरुंद झालेली नस उघडी ठेवणाऱ्या जाळीदार नळीच्या, किमतीला लगाम घातला आणि लाखाच्या पुढे गेलेला औषधाचा लेप असलेला स्टेंट ३० हजारांच्या आत आला. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेमुळे आमच्या सोलापुरातला यंत्रमाग कामगार आणि विडी वळणारी बाईही अँजिओप्लास्टी, म्हणजे नस फुगवून स्टेंट टाकण्याचा उपचार, करून घेऊ शकते. हे फार मोठं काम झालं. पण स्टेंट कोणाला लागतो, हे ठरवण्याची पद्धत मात्र सुधारली नाही.

पूर्व भागातले माझे शेजारी टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहेत. जिना चढताना त्यांच्या छातीत भरून यायचं, थांबलं की बरं वाटायचं. कित्येक महिने असंच चाललं होतं. अँजिओग्राफीला, म्हणजे हृदयाच्या नसांतले अडथळे पाहण्याच्या तपासणीला, आत नेलं आणि थोड्या वेळात निरोप आला, "९० टक्के ब्लॉक आहे, स्प्रिंग (स्टेंट) आत्ताच टाकून घ्यायची का? पेशंट टेबलावरच आहेत." मुलाच्या हातात इंग्रजी कागद. घरात तेलुगू, शाळा मराठीत झालेली. त्याने सही केली. वडील टेबलावर असताना कोणता मुलगा नाही म्हणेल?

वडिलांना मधुमेह आहे आणि हृदयाच्या तीनही नसांत अडथळे होते, हे त्याला नंतर फाइल वाचून घेताना कळलं. अशा रुग्णांत बायपासनंतर, म्हणजे अडथळ्याला वळसा देऊन रक्ताला नवी वाट करणाऱ्या शस्त्रक्रियेनंतर, मृत्यू आणि पुन्हा झटका येण्याचं प्रमाण स्टेंटपेक्षा कमी राहतं, असं २०१२ च्या 'फ्रीडम' अभ्यासात दिसलं. बायपासचा पर्याय त्या कुटुंबासमोर कोणी ठेवलाच नाही, याचा मला राग येतो.

हार्ट अटॅकची गोष्ट वेगळी. तिथे नस अचानक बंद पडते, ती उघडायला लागणारा प्रत्येक मिनिट हृदयाचा स्नायू मारतो. तिथे स्टेंट जीव वाचवतो, तिथे चर्चा नको. करमाळ्याचा रुग्ण शंभराहून अधिक किलोमीटरवरच्या सोलापुरात येईपर्यंत वेळ हातातून जातो, म्हणून ईसीजी आणि रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन तालुक्यालाच मिळायला हवं.

पण चालताना दुखणारी, थांबल्यावर शमणारी छाती म्हणजे अटॅक नव्हे. ३७ देशांतल्या ५,१७९ रुग्णांचा 'इस्केमिया' अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. अशा स्थिर आजारात सुरुवातीलाच स्टेंट किंवा बायपास केल्याने, आधी नीट औषधोपचार करण्याच्या तुलनेत, मृत्यू कमी झाले नाहीत. छातीतलं दुखणं मात्र जास्त कमी झालं, आणि ज्याला दुखण्यामुळे काम करता येत नाही त्याच्यासाठी तेही मोलाचं आहे. डाव्या मुख्य नसेत मोठा अडथळा असलेले रुग्ण त्या अभ्यासात नव्हते, त्यांचा विचार वेगळा करावा लागतो. एवढं सगळं टेबलावरच्या माणसाच्या मुलाने पाच मिनिटांत कसं समजून घ्यायचं?

म्हणून विनंती आहे. अटॅक नसलेल्या रुग्णाला योजनेतून स्टेंट मंजूर करण्याआधी गोळ्या, स्टेंट आणि बायपास हे तीनही मार्ग मराठीत, आणि आमच्याकडे तेलुगू व कन्नडमध्येही, समजावल्याची नोंद सक्तीची करा. अँजिओग्राफी झाल्यावर रुग्णाला टेबलावरून उतरू द्या, घरच्यांशी बोलू द्या. मधुमेह आणि अनेक नसांचा आजार असेल, तर बायपास करणाऱ्या सर्जनचं मतही कागदावर असू द्या.

आणि स्टेंट पडल्यावरच्या गोळ्या. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या डॉक्टर सांगतील तितके महिने, बहुतेकदा सहा महिने ते वर्षभर, न चुकता घ्याव्या लागतात. मध्येच बंद केल्या तर स्टेंटमध्येच गाठ धरू शकते. कारखान्यात काम नसलं की घरात आधी औषधाचाच खर्च कापला जातो, हे मी या वस्तीत पाहतो. या गोळ्या आणि कोलेस्टेरॉलची गोळी जवळच्या सरकारी दवाखान्यात कायम मोफत मिळेल, एवढी तजवीज करा.

समजावल्याची नोंद आणि सर्जनचं मत, या दोन गोष्टींना नवी इमारत किंवा नवं यंत्र लागत नाही. त्यांचा आदेश आपण लगेच काढावा.

आपला,
सोलापूरचा एक रहिवासी