शेवटचं टिंब

शिजियाझुआंग

ती. आई-बाबांना सा. नमस्कार,

फोनवर रोज बोलणं होतंच, तरी हे पत्र हातानं लिहितेय, कारण सोबतचा कागद तुमच्या हातात पडायला हवा.

बाबा, तुम्ही मागे विचारलं होतंत, दोन वर्षं तिथं राहून चिनी लिहिता येतं का? मी हो म्हटलं. ते खरं नव्हतं. मला मोबाइलवर टाइप करता येत होतं. रोमन अक्षरांत उच्चार टाकला की समोर चिन्हांची रांग येते, त्यातलं हवं ते ओळखून बोट ठेवायचं. हातात पेन आलं की मी अडायचे.

दिवाळीनंतर एकदा दाराला कुणी हातानं लिहिलेली चिठ्ठी लावून गेलं. छापील असती तर वाचली असती. ही घाईत लिहिलेली, रेषा एकमेकींत गुंतलेल्या. मी ती तशीच ठेवून दिली आणि दुसऱ्या दिवशी नळ कोरडा! शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहतात, त्यांना चिठ्ठी दाखवली. त्यांनी एका चिन्हावर बोट ठेवलं, 'श्वे', म्हणजे पाणी. पुस्तकात त्याच्या चार रेषा सुट्या दिसतात. आधी मधली उभी, खाली आकडा वळवलेली, मग डावीकडची, मग उजवीकडच्या दोन. घाईत लिहिणारा पेन उचलत नाही, त्यामुळे डावीकडून उजवीकडे जाताना त्याचा माग कागदावर उमटतो. पेन कुठून कुठे गेलं हे ज्याला ठाऊक, त्यालाच त्या गुंत्यात पाणी दिसतं. मी मात्र इतके दिवस चिन्हं रांगोळीसारखी काढत होते, कुठूनही सुरुवात, कुठंही शेवट.

त्या संध्याकाळपासून मी बाईंकडे शिकायला बसते. वही चौकटींची, प्रत्येक चौकटीत तुटक रेषांचं अधिकचिन्ह. ही आकृतीच मुळात 'थिएन' हे चिन्ह आहे, अर्थ शेत. बाबा, हुबेहूब आपले चार वाफे आणि मधले बांध! वरून खाली, डावीकडून उजवीकडे, आडवी आधी आणि उभी नंतर, हे हाताला लवकर बसलं. 'कुओ', म्हणजे देश, याला मात्र वेळ लागला. त्याला चारही बाजूंनी चौकट असते, पण ती एकदम पुरी करायची नाही. तीन बाजू काढायच्या, आतलं लिहायचं आणि तळाची रेघ सगळ्यांत शेवटी. इथं मुलांना सांगतात, आधी माणसं आत घ्या, मग दार लावा. ऐकलं आणि तुमची पाटी आठवली. शब्द पुरा झाल्याशिवाय तुम्ही मला शिरोरेषा ओढू द्यायचा नाहीत. "भिंती उभ्या राहू देत, मग छप्पर." मी रडायचे, तुम्ही पुसून पुन्हा लिहायला लावायचात. त्या हट्टाचे आभार आज मानते.

रविवारी डॉ. कोटणीसांच्या पुतळ्यापाशी फूल ठेवून आले. 1938 मध्ये युद्धातल्या जखमींवर उपचार करायला चीनमध्ये आलेला आपल्या सोलापूरचा हा माणूस 1942 मध्ये इथल्याच मातीत मिसळला. त्यांचं चिनी नाव 'के दीहुआ' मी तुमच्यासाठी लिहिलंय, 27 रेषांचं. पहिल्या दोन्ही चिन्हांत डाव्या हाताला झाडाचं चिन्ह आहे. तिथं जागा कमी, म्हणून झाड आपली उजवी फांदी आखडून टिंबाएवढी करतं. 'हुआ' मात्र त्यांच्या काळी जास्त रेषांचं होतं. लिपी सोपी करण्याची योजना 1956 ची.

आई, झाडाला 'मू' म्हणतात आणि आईलाही 'मू', फक्त सूर निराळा. आईच्या चिन्हात दोन टिंबं असतात. ती लेकराला पाजणाऱ्या स्तनांची, असं बाई म्हणाल्या. मी दोन्ही टिंबं देऊन मग आडवी रेघ मारायचे. इथली रीत अशी की आधी वरचं टिंब, मग रेघ, आणि खालचं टिंब अगदी शेवटी. दोन पानं भरली तेव्हा कुठे हात वळला.

सोबतच्या कागदावर तेच चिन्ह आहे. चार रेषा मी काढल्यात, खालच्या टिंबाची जागा मोकळी ठेवलीय. बाबांचं शाईचं पेन घे आणि ते तू दे. वरून खाली, जरासं उजवीकडे कलतं. मग कागद मला परत पाठव.

तुमची लेक